सापाचा गडी

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा रिकामा होता. तिथं शिवणयंत्र ठेवू म्हटलं तर नाही, कुंडी ठेवू म्हटलं तर नाही. आमची पाळण्यातली मुलगी हेलेद तेवढी काही महिने तिथं राहिली, तीही तात्पुरती.

"ती खुर्चीची जागा आहे, तेगवेन," माझा नवरा एलिस्टन म्हणायचा.

कुठली खुर्ची? तर आमच्या तालगोर्सच्या आयस्तेदवोदमधली. आयस्तेदवोद म्हणजे आमचा गाण्या-कवितांचा मेळा. वेल्समध्ये ज्या गावात असा मेळा नाही त्या गावात मुलगी देऊ नये म्हणतात. मेळ्यात ज्याची कविता पहिली येते त्याला ओकची एक भलीमोठी खुर्ची मिळते, आणि ती घेऊन तो जन्मभर मिरवतो. एलिस्टनच्या वडिलांना मिळाली होती. ते गेले, आणि शेताबरोबर खुर्चीही थोरल्या भावाकडं गेली. शेत गेल्याचं एलिस्टननं कधी मनाला लावून घेतलं नाही. खुर्ची मात्र जिव्हारी लागली. त्याच वर्षी त्यानं कोपरा रिकामा केला आणि कविता पाठवायला सुरुवात केली.

आणि दरवर्षी त्याचा दुसरा नंबर यायचा. एखाद्या वर्षी तिसरा यावा, निदान साफ आपटावं, तेही नाही. आमच्याकडं आडनावं मोजकी आणि नावंही तीच ती, म्हणून माणूस ओळखतात तो चिकटवलेल्या नावानं. गावात एक दूधवाला एलिस्टन होता, एक बहिरा एलिस्टन होता आणि आमचा हा एलिस्टन दुसरा. परक्याला वाटावं, राजघराण्यातला आहे.

या मेळ्याची एक रीत आहे, ती आधी सांगते. कविता टोपणनावानं पाठवायची. खरं नाव चिकटवलेल्या पाकिटात. परीक्षक मंचावरून पहिल्या कवीचं टोपणनाव पुकारतो आणि भरल्या सभागृहात तो कवी उठून उभा राहतो. तोपर्यंत टोपणनाव कोणाला सांगायचं नाही, अगदी बायकोलाही नाही. एलिस्टन इतर बाबतीत पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे, पण ही एक गोष्ट त्यानं कधी फोडली नाही.

त्या वर्षी विषय जाहीर झाला, 'दलदल'.

तालगोर्सच्या माणसाला दलदलीवर लिही म्हणणं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणणं. आमच्या गावाच्या दाराशीच दलदल सुरू होते आणि पार डोंगराच्या पायथ्याला टेकते. तिच्या पोटात हजारो वर्षं कुजून साठलेली काळी माती आहे, तिला आमच्या भाषेत मौन म्हणतात. मौन कापायचं, विटांसारखं रचून वाऱ्यावर वाळवायचं आणि हिवाळाभर चुलीत जाळायचं, हा आमच्या सगळ्या घरांचा पिढीजात उद्योग. एलिस्टन फावडं घेऊन उभा राहिला की मौनाची वीट अशी सुटून यायची, जशी गरम सुरीनं लोण्यातून.

"आता खुर्ची माझीच," तो म्हणाला. "दलदलीबद्दल मला कोण शिकवणार?"

 खरं तर त्यानं कित्येक वर्षांत दलदलीत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि त्याचं कारण आमचीच मुलगी होती.

हेलेद लहानपणी आमच्याबरोबर मौन कापायला यायची. यायची म्हणजे काय, दिवसभर चतुरांच्या मागं पळायची. चतुराला आम्ही म्हणतो सापाचा गडी. जुने लोक सांगायचे, हा उडणारा नोकर सापाच्या पदरी असतो, तो जिथं घिरट्या घालतो तिथं खाली त्याचा मालक पसरलेला असतोच. म्हणून पोरांनी त्याच्या मागं जायचं नाही. हेलेद हमखास जायची. जेवायची वेळ झाली की एलिस्टन फावडं रोवून हाका मारायचा, "सापाचा गडी! ए सापाचा गडी! भाकरी थंड होतेय!" आणि ती लांबून कुठून तरी, गुडघ्यापर्यंत काळी होऊन पळत यायची.

त्या पळण्यापायीच ती शिकली, मोठी झाली, आणि दलदल राखीव झाल्यावर तिथली रक्षक होऊन गावात परत आली. आम्ही दोघं फुशारून गेलो. पण दलदल वाचवायची तर तिच्यातलं पाणी बाहेर जाता कामा नये. पाणी बाहेर काढणारे चर आमच्याच बापजाद्यांनी खोदलेले. हेलेदनं एकेक चर बुजवायला घेतला. शेवटी उरला एलिस्टनच्या आजोबांचा. दोरी लावून काढल्यासारखा सरळ. परगावचे लोकसुद्धा तो बघायला यायचे असं एलिस्टन सांगतो. निम्मं खरं मानलं तरी पुष्कळ.

एका रविवारी जेवताना तिनं सांगितलं, "बाबा, पणजोबांच्या चरावर बांध घालायचाय. तुम्हाला आधी विचारावं म्हटलं."

एलिस्टननं काटा खाली ठेवला. "तुझं काम आहे ते. कर."

आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दर रविवारी तिच्या ताटात आपल्या हातानं मटण वाढत राहिला, तिच्या गाडीचं तेल बदलत राहिला, पण दलदलीचा शब्द काही त्या टेबलावर परत आला नाही. आणि पोरीला सापाचा गडी म्हणणं तर कधीच बंद झालं होतं.

असा माणूस दलदलीवर कविता लिहायला बसला. वसंत सरला, कागद कोरा. लिहायचा, खोडायचा, चुलीत टाकायचा. मौन परवडेनासं झाल्यावर आम्ही कविताच जाळतो की काय असं मला वाटू लागलं.

"जुनंच येतंय सगळं," एका सकाळी तो करवादला. "फावडं, घाम, वडील, धूर. हे मी आधी पाच वेळा लिहिलंय."

"आणि पाच वेळा दुसरा आलास," मी म्हटलं. "ज्या दलदलीवर तू लिहितोयस ती आता राहिलीच नाही. एकदा जाऊन बघ तरी. की मुलीच्या हद्दीत शिरायची लाज वाटते?"

"लाज कसली? गुडघे दुखतात."

"गुडघे चर्चच्या पायऱ्यांवर दुखत नाहीत ते? ऊठ. मी पाव घेते फळांचा, तू चहाची बाटली घे."

जून होता. कापूसगवत फुललेलं. सगळी दलदल पांढरी झाली होती, धुणं वाळत घातल्यासारखी. फळ्यांच्या वाटेवरून आम्ही निघालो. सुरुवातीला साहेबांची टकळी चालू होती. फळ्या कशा कमी जाडीच्या आहेत, वळण उगाच कसं घेतलंय, त्याच्या काळात लोक फळ्यांशिवाय चालायचे आणि क्वचितच बुडायचे. मग आम्ही चराजवळ आलो आणि तो गप्प झाला.

चर काठोकाठ भरला होता. पाण्याच्या कडेनं हिरव्या-तांबड्या शेवाळाच्या गाद्या चढत आल्या होत्या. त्यात दवाचे थेंब धरलेल्या, किडे खाणाऱ्या बारक्या वनस्पती लाल दिसत होत्या. पाण्यावर निळ्या टाचण्या, चतुरांच्या त्या सडपातळ बहिणी, जोडीनं बसलेल्या. आणि वर चतुरच चतुर, चार ठिपक्यांचे, तपकिरी, एकमेकांची हद्द पुसून काढत फिरणारे, दोघांचे पंख भिडले की कागद फाटल्यासारखा आवाज व्हायचा. चर होता तस्सा सरळ होता. फक्त पाणी कुठं जात नव्हतं.

"भरलाय," एलिस्टन म्हणाला.

एवढंच. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

"तिकीट काढलंय का दोघांनी?" मागून हेलेद आली. गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात दुर्बीण, केसात गवत. "पक्षी बघायच्या लपणातून बघत होते. म्हटलं हे कोण पाहुणे, फळ्या ठोकून ठोकून बघतायत."

"खिळे ढिले आहेत तुझे," एलिस्टन म्हणाला.

"तुम्ही घट्ट करायला या की मग."

 मग तिनं बोट दाखवलं. "बाबा, खाली बघा. अहो, तिथं नाही, पायाशी. त्या पात्यावर."

पाण्यातून वर आलेल्या एका पात्यावर चिखलाच्या रंगाचा एक किडा घट्ट धरून बसला होता. दिसायला अगदीच गबाळा. बघता बघता त्याची पाठ उसवली आणि आतून काहीतरी ओलं, फिकट, मऊ बाहेर वाकलं.

"दोन वर्षं तो या चरात होता," हेलेद म्हणाली. "तळाशी, काळोखात. आज बाहेर येतोय. पंख वाळेपर्यंत काही करू शकत नाही तो. वारा आला आणि पाण्यात पडला की संपलं. हलू नका आणि बोलू नका."

"तुझ्या बाबाला सांगतेयस?" मी म्हटलं. "एक वेळ पाऊस गप्प बसेल."

पण तो बसला. फळीवर पोटावर पडला, हनुवटी हातावर टेकली आणि गप्प राहिला. पलीकडं शाळेची पोरं आली होती, त्यांना घेऊन हेलेद परत लपणात गेली. मी पाव खाल्ला, चहा प्यायले, एक ससाणा बघितला. तो वेडा पक्षी हवेतच चतुर पकडत होता आणि उडता उडताच खात होता. खाऊन झालं की पंख सोडून द्यायचा, ते चमकत चमकत खाली यायचे. एलिस्टननं मान वर केली नाही.

मग डोंगराकडून वारा सुटला. पातं वाकायला लागलं. त्या किड्याचे पंख अजून चुरगळलेले, ओले. एलिस्टननं डोक्यावरची टोपी काढली आणि वाऱ्याच्या बाजूनं धरली. हात पुढं ताणून, पाण्यावर. तो हात थरथरायला लागला, तरी खाली घेतला नाही. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस.

पंख उलगडले, काचेसारखे झाले. मग एकाएकी ते पातं रिकामं होतं आणि त्यावर नुसती कात उरली होती. एलिस्टन उठून बसला. त्याच्या गालावर फळीची नक्षी उमटली होती.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. जणू त्यानंच केलं होतं.

परत येताना वाटेत एक मोठा निळा चतुर एकाच जागी घिरट्या घालत होता. एलिस्टननं मला हातानं अडवलं. उन्हानं तापलेल्या पुढच्या फळीवर नागमोडी पट्ट्याचा, फुरशाच्या जातीचा एक साप वेटोळं घालून निवांत पडला होता.

"गडी दिसला की मालक जवळच," एलिस्टन म्हणाला. तेवढ्यात हेलेद पोरांची रांग घेऊन आली, तिलाही त्यानं तेच ऐकवलं.

"बाबा, दोघांनाही ऊन लागतं, म्हणून दोघंही फळीवर येतात. शास्त्र आहे ते."

"शास्त्राला म्हणावं, उशीर झाला. आम्हाला आधीच माहीत होतं."

ती हसली. पोरं हसली. एलिस्टन दुसऱ्या दिवशी हातोडी आणि खिळे घेऊन दलदलीत गेला, आणि मग रोजच जायला लागला. रात्री जेवताना मला घरबसल्या सगळी बातमी मिळायची. काळे बारके चतुर आले. पाणमांजराची विष्ठा सापडली, ती त्यानं मला सविस्तर वर्णन करून सांगितली, जेवताना. कागदही आता चुलीत जात नव्हते.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तो खिळे ठोकायला गेलेला असताना हेलेद घरी आली. स्वयंपाकघरात उभी राहिली. लहानपणी काही फोडून आली की अशीच उभी राहायची.

"आई, मी पण लिहिलीय."

"काय?"

"दलदलीवर. मेळ्यासाठी." ती सिंकच्या नळाकडं बघत होती. "लिहायची नव्हती. आपोआप आली. बाबांनी या वर्षी जीव ओतलाय, मला माहीत आहे. म्हणून वाटतं, पाठवू नये."

मी हातातलं पीठ झटकलं. खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की नको पाठवूस. मला तो रिकामा कोपरा दिसला. आधी तिनं त्याचा चर बुजवला. आता खुर्चीही तिनंच नेली तर? एका जन्मात माणूस किती वेळा दुसरा होऊ शकतो? मुलीच्या मागं दुसरा झाला तर गाव जन्मभर त्याला सोडणार नाही, हे मला दिसत होतं. दुकानवाली मार्गेद तर सोडणारच नाही.

पण मी त्या माणसाबरोबर आयुष्य काढलंय.

"चांगली झालीय का?" मी विचारलं.

ती नळ उगाच घट्ट करत राहिली, आणि मला समजलं की फार चांगली झालीय.

"मग पाठव. तू बाजूला झालीस म्हणून खुर्ची मिळाली हे त्याला उद्या कळलं, तर तो ती कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घालेल. आणि वर मला ती जाळताना बघायला बसवेल."

"त्यांना सांगणार नाहीस ना?"

"मी कशाला सांगू? ज्याचं त्यानं उभं राहावं."

आठवडाभरानं एलिस्टननं आपलं पाकीट चिकटवलं आणि मलाच पोस्टात टाकायला दिलं. "या वर्षी नावसुद्धा चांगलं सुचलंय," तो म्हणाला. "पण विचारू नकोस." मी विचारलं नाही. दोघांच्या कविता एकाच गावातून एकाच मेळ्यात गेल्या आणि मी मधे मौन धरून बसले. आमच्या गावात त्याचा कधी तुटवडा नव्हता.

सप्टेंबरातला मेळा. सभागृह खचाखच. मी आणि एलिस्टन तिसऱ्या रांगेत. त्यानं लग्नातला कोट घातला होता आणि टोपी मांडीवर धरली होती. हेलेद कामावरून थेट आली होती, राखीव क्षेत्राच्या जॅकेटमध्येच, शेवटच्या रांगेत बसली. मी एकदा मागं बघितलं आणि परत बघितलं नाही. मंचावर ती खुर्ची. पाठीवर कापूसगवत कोरलेलं. सुताराचा हात फिरला होता अगदी.

परीक्षक दक्षिणेकडचे, मर्विन रीस म्हणून, मोठे कवी. त्यांनी आधी बाकीच्यांची सालटी काढली. एकाची दलदल म्हणजे 'फक्त ओली', दुसऱ्याची 'भूगोलाचा पेपर'. लोक खूश. मग त्यांनी चष्मा पुसला.

"आता एक विलक्षण गोष्ट सांगतो. पहिली आणि दुसरी, या वर्षीच्या दोन्ही उत्तम कविता एकाच कवीनं पाठवल्या आहेत. दोहोंवर एकच टोपणनाव. एक बांधीव छंदात, जुन्या पिढीच्या डोळ्यांनी पाहिलेली. दुसरी मुक्त, आजच्या पिढीनं लिहावी तशी. दोन्ही काळजं एकाच माणसाच्या छातीत! आयुष्यात मी असं पाहिलं नाही. खुर्ची मुक्त कवितेला, पण मान दोन्हींचा. कवी 'सापाचा गडी' यांनी उभं राहावं!"

 पुढचं काही समजायच्या आत एलिस्टन उठलाच होता. स्प्रिंगसारखा. सभागृहात असा काही गलका उसळला की काय सांगू! "दुसरा! अरे, दुसरा उठला!" बहिरा एलिस्टनसुद्धा टाळ्या वाजवत होता. माझ्या नवऱ्याचा चेहरा मी लग्नातही तसा बघितला नव्हता.

आणि मग टाळ्या मागून पुढं एकेक रांग करत थांबत आल्या. लोक माना वळवत होते. मीही वळवली.

शेवटच्या रांगेत हेलेद उभी होती.

बापलेक एकमेकांकडं बघत राहिले. नाव सुचलं कुठून, हे त्या दोघांना आणि मला, तिघांनाच माहीत होतं. तो तिला हाक मारायचा तेच नाव त्यानं घेतलं. आणि तो ज्या नावानं हाक मारायचा तेच तिनं घेतलं.

"दोघं?" परीक्षक म्हणाले.

"अगं बाई!" मार्गेद ओरडली. मेळ्याचं टपाल तीच सांभाळते. "मला वाटलं एकाच माणसानं दोन पाठवल्यात! मीच एकत्र बांधून दिल्या! पाकिटांवरही तेच एक नाव, आता कुठलं कुठल्या कवितेचं कोण जाणे!"

"काही हरकत नाही," परीक्षकांनी घाम पुसला. "मी खुर्चीच्या कवितेच्या ओळी वाचतो. ज्याच्या असतील त्यानं उभं राहावं, दुसऱ्यानं कृपा करून बसावं." त्यांनी वाचलं:

"ज्या हातांनी ही काळी माती कापली
तेच हात आज वाऱ्याच्या आड टोपी धरून आहेत,
एका ओल्या पंखाला वेळ मिळावा म्हणून.
लपणातून मला हे दिसतं आहे, आणि कळत नाही,
कोण कोणाच्या कातीतून बाहेर येतं आहे."

एलिस्टननं हातातल्या टोपीकडं बघितलं. तीच टोपी.  सभागृहात कोणी हालत नव्हतं. उभे दोघं, कविता एक, आणि कोणाची ते कोणीही शपथेवर सांगू शकलं नसतं. एलिस्टननं नुसतं उभं राहायचं होतं.

मी हेलेदकडं बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. तिनं बाकाच्या कडेला हात टेकला आणि हळूहळू खाली बसायला लागली. ती त्याला खुर्ची देऊन टाकत होती, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"बसू नकोस!"

असा आवाज एलिस्टननं शेवटचा कधी काढला होता? भाकरी थंड होत असताना, दलदलीच्या या टोकावरून त्या टोकाला. हेलेद ताडकन सरळ झाली.

एलिस्टन मंचाकडं वळला. त्यानं टोपी काखेत धरली, कोटाची बटणं लावली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, गोंधळ काही नाही. मी नुसता गडी. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, गडी उभा दिसला की मालक जवळच असतो. ती बघा मालकीण, मागच्या रांगेत."

मग तो बाकांमधून वाट काढत मागं गेला. कवीला मंचावर घेऊन जायला मेळ्याची दोन माणसं असतात, त्यांना त्यानं हातानं बाजूला केलं. पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि लग्नात बाप मुलीला घेऊन जातो तसा पुढं चालत आला. ती रडत होती. तो नव्हता रडत. छाती अशी काढली होती की कोटाचं बटण तुटून पुढच्या रांगेत उडेल की काय असं मला वाटलं. मी मात्र रडले, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

खुर्चीवर बसवण्याआधी तलवार अर्धी म्यानाबाहेर काढतात आणि सभेला तीनदा विचारतात, "शांतता आहे का?" आणि सगळे ओरडतात, "शांतता!" तिन्ही वेळा एलिस्टनचा आवाज सगळ्यांच्या वर होता. शांततेसाठी एवढा आरडाओरडा मी कधी ऐकला नाही.

तो माझ्याजवळ येऊन बसला. "तुला दोघांचंही माहीत होतं."

"होतं."

"आणि गप्प बसलीस?"

"नावं माहीत नव्हती. कविता माहीत होत्या."

"धन्य आहे तुझी," तो म्हणाला, आणि मंचाकडं वळला. "तिनं मला बघितलं, तेगवेन. त्या टोपीसकट. मला वाटलं होतं, तुझ्याशिवाय तिथं कोणीच नाही."

हेलेदचं घर काडेपेटीएवढं, खुर्ची दारातून आत जाईना. म्हणून ती आमच्या कोपऱ्यात आली. एलिस्टन रोज तिला पुसतो आणि कोणाला बसू देत नाही. पाद्रीबाबांनाही दिली नाही. स्वतः शेजारी स्टुलावर बसतो आणि हेलेद आली की तिला खुर्चीत बसवून दलदलीची बातमी विचारतो.

परवा दुकानात मार्गेदनं गिऱ्हाइकांसमोर त्याला छेडलंच. "काय एलिस्टन, पुन्हा दुसराच?"

"दुसराच," तो म्हणाला. पाव उचलला, टोपी घातली आणि दारात वळून उभा राहिला. "पण कोणाच्या मागं, ते विचार की."